एकसष्ट शब्द

देवमनचं कार्ड येऊन अडीच महिने झाले होते. उत्तर गेलं नव्हतं, आणि ते कार्ड आजही भगवंतरावांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. नांदगाव खंडेश्वरचा हा त्यांचा शाळासोबती कान गेल्यापासून फोनला हात लावत नसे. संक्रांतीला त्यानं लिहिलं होतं, 'कापूस घरात आढ्याले लागला. आमी ओसरीत निजतो. अंगाची खाज जात नाई. विकू का ठेवू? तू एवढी पुस्तकं वाचली, तूच सांग.' भगवंतरावांनी चाळीस वर्षं अकोल्याच्या वाचनालयात पुस्तकं सांभाळली होती. पण याचं उत्तर त्यातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. चार वेळा लांबलचक लिहिलं, चारही वेळा फाडलं.

आता ते अब्दुल सत्तार यांच्या गादीच्या दुकानात मान खाली घालून बसले होते. समोर सत्तारभाईंची मुलगी गजाला भगवंतरावांनीच करून दिलेली यादी मोबाइलवर मोजत होती. गादी, गिरदी, लोड, तक्क्या, रजई, दुलई, वाकळ...

"एकसष्ट झाले, काका."

"एकसष्ट शब्दाले तीन दिवस लावले यायनं," सत्तारभाई टाका घालता घालता म्हणाले. "तेवढ्यात मी सा गाद्या भरतो."

लग्नसराई तोंडावर होती आणि गिऱ्हाईक फोमच्या गादीकडे वळलं होतं. म्हणून गजालानं इंटरनेटवर जाहिरात टाकली. लोक काय शोधतील ते शब्द आपण आधी निवडून द्यायचे. कुणी तो शब्द शोधला की जाहिरात दिसते. त्यानं तिच्यावर बोट टेकवलं की फोन दुकानात लागतो, आणि आपले पैसे कापले जातात. वडिलांनी एका महिन्यापुरतं हो म्हटलं होतं. शब्द विचारायला गजाला मोठ्या हौसेनं काकांकडे गेली. काकांनी कोश उघडले. कुठलाही शब्द गाळायचा त्यांना धीर होईना. न जाणो, तोच लागला तर? शेवटी, गादी शुद्ध कापसाची म्हणून त्यांनी 'कापूस'ही घातला.

बारा दिवसांत महिन्याचे निम्म्याहून जास्त पैसे संपले. गादी एकही गेली नाही.

"दुलई कोणी शोधत नाई, वाकळ कोणी शोधत नाई," गजाला म्हणाली. "त्याचे पैसे बी नाई गेले. सगळे गेले एकाच शब्दात."

कोणता, ते विचारायचं भगवंतरावांच्या जिवावर आलं. तेवढ्यात फोन वाजला. सत्तारभाईंनी सुई गादीत खोचली, फोन घेतला, कापसाचा आजचा भाव सांगितला, माल ओला असला तर कमी धरतील हेही सांगितलं, आणि घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारून मगच ठेवला. कोण होता ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आठवडाभर हेच चाललं होतं. आता तर ते सकाळी दुकान उघडताच बाजार समितीत फोन करून भाव विचारून ठेवत. लोकांना चुकीचा सांगायला नको.

"अब्बा, त्याचा फोन आला का आपले पैसे जाते."

"जाऊ दे ना. भाव इचारून राहिला, उधार नाई मांगून राहिला."

गजालानं कपाळाला हात लावला, मग हसली, आणि मोबाइल काकांपुढे धरला. ज्यांनी बोट टेकवलं, त्यांनी आधी काय लिहून शोधलं होतं, त्याची ती यादी होती. भगवंतरावांनी चष्मा लावला. कापूस भाव आज. कापूस भाव वाढेल का. घरातल्या कापसाची खाज उपाय. आणि त्याखाली, सत्तावीस वेळा: कापूस विकू का ठेवू.

त्यांचा हात खिशाकडे गेला.

गजाला सांगत होती, ते त्यांना अर्धवट ऐकू येत होतं. पाच शब्द पुरे. आणि 'भाव', 'विकू', 'खाज' हे नको असलेल्या शब्दांत टाकायचे, म्हणजे असं शोधणाऱ्याला आपली जाहिरात दिसणारच नाही.

"पाच तुमीच निवडा, काका. बाकी सोडून द्या."

त्यांनी निवडले. दोन मिनिटंही लागली नाहीत, याचं त्यांनाच नवल वाटलं.

सत्तारभाईंनी सुईत नवा दोरा ओवला. "बराबर हाय तुहं," ते मुलीला म्हणाले. "पन मंग त्याहीनं इचारायचं कोनाले?"

गजालानं मोबाइल खाली ठेवला. "असंल ना ज्याचं त्याचं कोणी, अब्बा. वळखीचं."

भगवंतराव उठले. चहा सांगितलाय, असं सत्तारभाई म्हणत राहिले, तरी उठले. पोस्टात जाऊन त्यांनी एक कार्ड घेतलं आणि तिथल्याच दोरी बांधलेल्या पेनानं उभ्याउभ्या लिहिलं:

'देवमन, मले नाई समजत. शनिवारी येतो. ओसरीत माही बी चटई टाक.'

खाली पुष्कळ जागा उरली होती. सवयीनं ते तिच्याकडे पाहत राहिले. मग पत्ता लिहिला, पेन ठेवलं आणि कार्ड पेटीत सोडलं.

पेटी नुकतीच रिकामी केलेली असावी. कार्ड तळाशी पडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.