कपाटाचं कुलूप

सरकारी मदतीच्या कार्डावर किराण्याची महिन्याची रक्कम पडली, त्याच दिवशी आईनं स्वयंपाकघरातलं कपाट गच्च भरलं आणि पहिल्यांदाच त्याला कुलूप घातलं. “एवढ्याशा पोरीला शुगर होईल, खाणं हाताशी ठेवूच नका,” असं डॉक्टरबाईंनी वजनकाट्याकडे बोट दाखवून बजावल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेतून आलेल्या आठ वर्षांच्या लेकीला कुलूप दिसलं. आता ही घर डोक्यावर घेणार, म्हणून आईनं मन घट्ट केलं. पण लेक पांढरीफटक पडली. “आई, कुलूप का? खाणं संपलं? आज तर दोनच तारीख आहे! दरवेळी पंचवीसला संपतं ना?” “संपलं नाही गं वेडे, बघ!” आईनं कपाट उघडलं. लेक पुडा फोडून बिस्किटं न चावताच गिळू लागली. “हळू! कोण पळवतंय?” “तूच म्हणतेस ना,” भरल्या तोंडानं ती म्हणाली, “आहे तोवर खाऊन घे.”