एक खाच, दिवसातून एकदा

“आजपासून या घरात हृदयविकाराला प्रवेश बंद!” कंपाउंडरकाकांनी खुर्चीतून उठून जाहीर केलं, आणि उठल्याने धाप लागली म्हणून लगेच खाली बसले.

टेबलावर रेड वाइनची बाटली होती. तिच्या पोटावर काकांनी कागदाची पट्टी चिकटवली होती, पट्टीच्या कडेला कात्रीने कापलेल्या बारा खाचा. एक खाच, एक डोस. दवाखान्यात अडतीस वर्षं त्यांनी औषधाच्या बाटल्यांना अशाच पट्ट्या लावल्या होत्या. वर ‘हलवून घ्या’ अशी चिठ्ठीही होती. वाइन हलवून घेत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी हलवलीच असती.

“पेपरात आलंय,” ते काकूंना म्हणाले. “रोज थोडी, अगदी मापात. हृदय घोड्यासारखं पळतं.”

“मागच्या महिन्यात पेपरात लसणाचं आलं होतं. चार दिवस तुमच्या शेजारी बसवत नव्हतं.”

“लसूण भाजी आहे. हे शास्त्र आहे.”

काकूंनी मापाचा ग्लास पुढे सरकवला. वाद न घालण्याचं त्यांना कारण होतं.

बाटली उघडल्यावर तासभर तिला श्वास घेऊ द्यावा, असंही पेपरात होतं. म्हणून त्याच दुपारी स्क्रू-ड्रायव्हरने बूच आत ढकलून काकांनी बाटली श्वास घ्यायला ठेवली आणि स्वतः आत जाऊन घोरू लागले. तेवढ्यात काकूंनी आधी डॉक्टरांना फोन केला. “रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर हे अजिबात नको,” डॉक्टर म्हणाले. “आणि त्या फायद्याचं अजून काही पक्कं नाही. त्यांना जरा चालवा, जिने चढवा. हृदय छान आहे, घाबरलाय तो माणूस.” काकूंनी वाइन मोरीत ओतली आणि काळ्या द्राक्षांचा साखर घालून उकळलेला रस नरसाळ्याने बाटलीत भरला. बूच आत तरंगत होतं तसंच तरंगत राहिलं. मोरीचं हृदय मात्र ठणठणीत झालं असणार.

आता काकांनी तोंडावर तळहात दाबून बाटली हलवली, उजेडात धरली, बरोबर एका खाचेइतका डोस मापात ओतला. वास घेतला. क्षणभर थांबले. मग डोळे मिटून एका दमात पिऊन टाकला.

“कसं वाटतंय?” काकूंनी विचारलं.

“पोचलं!” काका छातीवर हात ठेवून म्हणाले. “चल, चपला दे. ताईकडे जायचं.”

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, याच बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. पाय मोडून तीन महिने अंथरुणात. रोज फोन करायची, “बाळ्या, आज येतोस?” आणि छातीत एकदा कळ आल्यापासून तळमजल्याचा उंबरठाही न ओलांडणारा बाळ्या रोज म्हणायचा, “उद्या.” गेले चार दिवस तिने फोनच केला नव्हता.

काका निघाले. मागे काकू, हातात घडीचं स्टूल.

पहिल्या मजल्यावरची शिवणवाली कात्री हातात घेऊनच बाहेर आली. “काका! वर?”

“वर!”

“अहो, काका वर निघालेत!” ती जिन्यात ओरडली, आणि दारं उघडू लागली. कुणी दाढीचा फेस पुसत आलं, कुणी फोन कानाला लावून.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे काका थांबले. कठडा घट्ट धरला. कपाळावर घाम. काकूंनी स्टूल उघडायला घेतलं. आता हा माणूस खाली बसला तर दोष कुणाचा? नुसत्या द्राक्षांच्या जोरावर त्याला इथवर आणलं कुणी?

“अहो,” त्या म्हणाल्या, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“आत्ता नको. डोस चढतोय.”

आणि ते चढले. तिसरा मजला, मग चौथा. मागे आठ-दहा माणसांची वरात, शेवटच्या पायरीवर टाळ्या.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. “कोण?”

“मी.”

“कोण मी? फोनवरचा की खरा?”

“खरा.”

ताई वळली. हात लांब करून तिने त्यांचा कान धरला आणि चांगला पिळला. मग कान सोडून त्यांचा हात धरला, तो सोडलाच नाही.

“चढलास कसा रे?” ताईने डोळे पुसत विचारलं.

“रेड वाइन,” काका भारदस्तपणे म्हणाले. “एक खाच, दिवसातून एकदा. शास्त्र आहे.”

एकच गलका झाला. कुठे मिळते, जेवणाआधी की नंतर? शिवणवालीला सासऱ्यांसाठी हवी होती. दाढीचा फेस पुसत आलेल्याला स्वतःसाठी हवी होती, पण तोही सासऱ्यांचंच नाव सांगत होता. काका एकेकाला खाचा समजावून देत होते. काकू स्टुलावर बसल्या. ते शेवटी त्यांनाच लागलं.

गर्दी पांगल्यावर काका काकूंच्या कानाशी वाकले.

“अडतीस वर्षं स्पिरिट हुंगलंय मी,” ते हळूच म्हणाले. “उद्यापासून साखर जरा कमी. आणि गाळून घेत जा, दातात साल अडकते.”