निळ्या मण्यांचा पट्टा
दिघाशीच्या आक्कानं आपल्या तबेल्यातलं शिंगरू धाकट्या भावाला, भिवंडीत वरातीला घोडी नाचवणाऱ्या चांगदेवला देऊन टाकलं. निघताना तिनं शिंगराच्या गळ्यात निळ्या मण्यांचा रुंद पट्टा स्वतः बांधला. “हा सोडू नको रं, नजर लागल.” रोज मोबाइलवर पट्ट्याचीच चौकशी करायची, बहिणीच्या मायेनं चांगदेवचा ऊर भरून यायचा. आज शिंगरू तापानं उठेना, त्याच्याशेजारच्या घोडीनंही चाऱ्याला तोंड लावलं नाही. रक्त काढायला जनावरांच्या डॉक्टरांनी पट्टा कापला. खाली मानेवरचे केस आधीच भादरलेले, वर सुईच्या जुन्या खुणा. “गोचिडांनी रक्तात जंतू सोडलेले दिसतायत,” डॉक्टर म्हणाले, “याचं रक्त आधीही कुणीतरी तपासून घेतलंय.” तेवढ्यात मोबाइल वाजला. “चांगदेवा, पट्टा हाय ना गळ्यात?” “न्हाय, आक्का. आत्ताच डॉक्टरांनी कापला.” आक्कानं फोन ठेवून दिला. डॉक्टर कशाला आले, हे तिनं विचारलंच नाही.