वरीलप्रमाणे

तिला डायरीचं उघडायचं होतं बारा तारखेचं पान, उघडलं तेवीसचं. आणि तिथे वरच्या अर्ध्या भागात नवऱ्याचं अक्षर होतं.

“आज हिच्याशी भरपूर गप्पा झाल्या. बरं वाटलं.”

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बाराच तारीख होती. तेवीसला अजून अकरा दिवस होते, आणि त्यांच्या भरपूर गप्पा होऊनही गेल्या होत्या.

तिने पानं उलटली. तेराला, “हिची तब्येत चांगली. आनंद आहे.” चौदाला दोघं फिरायला गेले होते. पंधराला तिच्या हातचा चहा झकास झाला होता. सोळाला पुन्हा तब्येत चांगली. चोवीसपासून गडी दमला असावा. चोवीस, “वरीलप्रमाणे.” पंचवीस, “वरीलप्रमाणे.” एका पानाला एकच तारीख, वर छापील आकड्याशिवाय काही नाही, तरी वरीलप्रमाणे.

डायरीची कल्पना तिची. दोघांची मिळून एक. पानाचा वरचा अर्धा भाग त्याचा, खालचा तिचा. तोंडाने बोलणं होत नाही तर निदान लिहून बोलू, असं ती म्हणाली होती, आणि तो चक्क पहिल्या झटक्यात हो म्हणाला होता. ताईने आपल्या गावात तिच्यासाठी चष्म्याच्या दुकानात नोकरी बघून ठेवली होती, घरातली वरची खोलीही झाडून ठेवली होती. नवऱ्याला सोडून यायचं की नाही हे ठरवायला ताईकडे तिने एक महिन्याची मुदत मागितली होती. नवऱ्याला हे सगळं ठाऊक होतं.

एकमेकांना उद्देशून लिहायचं ठरलं होतं. तो मात्र पहिल्या दिवसापासून ‘हिने’ आणि ‘हिच्याशी’ असंच लिहीत आला होता, कुणा वरच्या साहेबाला कळवावं तसं. तिला त्याचं हसू यायचं. सवय नाही बिचाऱ्याला, म्हणायची.

पाच तारखेला तिने खाली त्या बाळाबद्दल लिहिलं होतं. पोटातच गेलेलं बाळ. चार वर्षांत दोघांनी त्याचा विषय काढला नव्हता. अर्धं पान कमी पडलं म्हणून तिने कडेच्या जागेतही लिहिलं. सहा तारखेला वर त्याची ओळ होती, “आज दिवस मजेत गेला.” ती वाचून तिला रडू आलं होतं. मग तिनेच त्याची बाजू घेतली. सोसत नसेल, म्हणून टाळत असेल. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी आजाऱ्याशी वागावं तशी जपून वागली होती. ते आठवून आता तिला स्वतःचीच चीड आली.

तो शीतगृहात ऑपरेटर होता. दर तासाला थंड खोल्यांचं तापमान बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्याचं काम. लग्न झालं त्या वर्षी त्याने हसत हसत सांगितलं होतं, की ड्यूटीवर आल्याआल्याच सगळे आठ तासांचं लिहून मोकळे होतात. उणे अठरा, खाली वरीलप्रमाणे. एकदा मशीन बंद पडून खोलीभर मटारचा लगदा झाला, तरी रजिस्टरात उणे अठराच. साहेब महिनाअखेरीला बसतात आणि सगळ्या पानांवर एकदम सह्या ठोकतात. वाचतो कोण? तेव्हा तीही पोट धरून हसली होती.

आता तो टीव्हीसमोर पाय पसरून बसला होता. तिने तेवीस तारखेचं पान उघडून डायरी त्याच्या मांडीवर ठेवली. तो ओशाळला नाही. एक तारखेला निवांत होतो, म्हणाला, एका बैठकीत उरकून टाकलं. रोज लिहायचं म्हटलं की एखादा दिवस राहून जातो, मग तूच तोंड फुगवून बसणार.

“आणि चुकीचं काय आहे त्यात? सगळं चांगलंच लिहिलंय ना?”

“माझं पाच तारखेचं वाचलंत?”

त्याने खरोखरच आठवून पाहिलं.

“खालचा भाग तुझा ठरला होता,” तो म्हणाला. “मी कशाला बघू?”

ती डायरी घेऊन टेबलाशी बसली. एक तारखेपासून सुरुवात केली आणि प्रत्येक पानावर, त्याच्या ओळीखाली, सही करत गेली. पाच तारखेचं पान तिने जपून फाडलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्याची अर्धी बाजूही त्यात गेली, त्याला इलाज नव्हता. मग सहा, सात, आठ. तिकडून तो मान वळवून बघत होता. ती भांडत नाहीये हे बघून त्याला हायसं वाटलं असावं.

“बघ, कसं झटपट होतं,” तो म्हणाला.

तीस तारखेला त्याने लिहिलं होतं, “महिना कसा गेला, कळलंच नाही.” त्याखाली तिने सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मग स्टूल ओढून माळ्यावरची बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि कपाटातले आपले कपडे भरायला लागली.

त्याने टीव्ही बंद केला.

“अगं, निघालीस कुठे? महिना कुठे झालाय अजून?”

“झाला की,” ती म्हणाली. “वहीत बघा. तीस तारखेपर्यंत आहे मी तिथे. तब्येतही चांगली आहे.”