काळ्या गोळ्यांची डबी

केशरी रसाचा एक घोट पोटात गेला आणि कौशल्याबाईनं दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.

"कच्ची चिंच बरी याच्यापरीस," ती म्हणाली. "तिकडचे लोक पैसे देऊन आंबट होतेत व्हय?"

"बर्फातल्या काटेरी झुडपाचं फळ हाय ते, काकू. लई ताकद असते त्याच्यात."

"असंन बापा. झुडपात असंन ताकद. मह्या दातात नाई राह्यली."

देऊळघाटच्या त्या ओसरीवर दुपारचं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. जयमाला फिनलंडात नर्स होती. सहा वर्षांनी घरी आली होती, आणि शेजारची कौशल्याबाई तिकडचा खाऊ चाखायला मांडी घालून बसली होती. रसाच्या आधी तिनं एक वडी खाऊन पाहिली. वडीला डांबराचा वास होता. "रस्ता चाटल्यावानी लागते," म्हणत तिनं दुसरी वडी पदराच्या टोकाला बांधून घेतली. सुनेसाठी.

चांगुणाबाई, जयमालाची आई, थोडी पलीकडे सुपात हरभरा निवडत होती. तिनं कशालाच हात लावला नव्हता.

तीन दिवस असंच चाललं होतं. आई अंघोळीला पाणी काढी, गरम भाकर वाढी, पाहुणीचं करावं तसं सगळं करी. बाबांचा विषय निघाला की मात्र उठून आत जाई. मागच्या पोळ्याला बाबा गेले, तेव्हा जयमालाला येता आलं नाही. तिनं सारं फोनवर पाहिलं. आल्या दिवशी ती आईच्या गळ्यात पडायला गेली, तर आई म्हणाली, "पाह्यलं ना तुनं फोनवर? मंग आता काय राह्यलं." उद्या सकाळी तिला निघायचं होतं. आईजवळ बसून बाबांसाठी एकदा रडून घ्यावं, एवढ्याचसाठी ती इतक्या लांबून आली होती, आणि तेवढंच व्हायचं राहिलं होतं.

"हे काय व लपवून ठेवलं?" कौशल्याबाईनं पिशवीच्या तळाशी हात घालून एक काळी डबी बाहेर काढली.

"ते नको, काकू. ते कोणाले नाई खाववत. एका आजोबानं देल्लं मले. मी त्यायचं सारं करते तिकडं. त्यायले लई आवडते, म्हणून मह्या आईसाठी देल्लं."

तोवर डबी उघडली गेली होती. शंकरपाळ्याच्या घाटाच्या काळ्या गोळ्या, वर पांढरी पूड भुरभुरलेली. एक कौशल्याबाईच्या तोंडात गेली, क्षणभर आत थांबली, आणि थेट अंगणात जाऊन पडली.

"मीठ हाय हे," ती पदरानं जीभ पुसत म्हणाली. "मीठ बी नाई. मिठाचा सासरा हाय. घे व चांगुणे, तुह्यासाठी धाडलं म्हणते थो म्हातारा. पाह्य तरी एक खाऊन."

तिनं डबी चांगुणाबाईच्या सुपावरच ठेवली. चांगुणाबाईनं ती बाजूला करायला उचलली, आणि उचलली तशी हातातच धरून राहिली. मग नाकाजवळ नेली. एक गोळी घेऊन जिभेवर ठेवली. कौशल्याबाई थुंकीची वाट पाहत होती.

"नवसागर हाय," चांगुणाबाई म्हणाली.

"काय हाय?"

"नवसागर. कल्हईचा."

तिनं सूप खाली ठेवलं. चिखलीच्या बाजारात तेव्हा लिंबाखाली दोघा नवराबायकोची कल्हईची भट्टी लागे. भाता तिच्या हातात, सांडशी त्याच्या हातात. पातेलं तापून लाल झालं की नवसागराची चिमूट पडे, पांढरा धूर उठे, आणि वितळल्या कथलावर कापसाचा बोळा फिरता फिरता काळ्या पातेल्यात चांदणं उतरे. संध्याकाळी दोघांच्या घशात तोच खारा धूर. पुढं घरोघरी स्टील आलं. भाता कुठं गेला, कुणी विचारलं नाही.

"तुहा बाबा राखेनं हात धुये," ती जयमालाकडं न पाहता बोलली. "दोनदा धुये, तीनदा धुये. तरी वास जाये नाई. जेवाले बसला की पहिला घास तुले. अन् तू तोंड फिरवे. म्हणे, बाबा, तुमचा घास खारा लागते."

जयमालाला आठवलं. आजवर आठवलं नव्हतं.

"मंग थो घास मह्या वाट्याले ये," आई म्हणाली. "चार माणसात त्यानं मले कायले भरवलं असतं. तुह्या पायी भेटे तेवढा. असाच लागे."

कौशल्याबाईनं चपला पायात सरकवल्या आणि आवाज न करता पायऱ्या उतरली.

जयमाला सरकत सरकत आईजवळ येऊन बसली. आईच्या गालात गोळी अजून होती.

"त्या म्हाताऱ्याले तूच भरवते?"

"हाव. त्यायचा हात थरथरते."

"पोरंबाळं नाईत त्याले?"

"लेक हाय एक. लई दूर राह्यते."

आईनं मान हलवली.

"अन् आता तू इकडं," ती म्हणाली, "तर त्याले कोण भरवून राह्यलं असंन?"

"असंन, आई. कोणाची तरी लेक." एवढं कसंबसं बोलून जयमालानं तिच्या मांडीत तोंड खुपसलं.

आईनं तिला उगी केलं नाही. आपलेही डोळे पुसले नाहीत. थोड्या वेळानं तिचा हात लेकीच्या पाठीवर आला. तो थरथरत होता, हे जयमालाला पाठीवरूनच कळलं.