फिट्टंफाट

"मारो भैया. इसने मारा था ना? अब तुम मारो," बापू म्हणाले आणि त्यांनी नातवाचा चष्मा आपल्या हाताने उतरवून खिशात घातला.

चांदपोल बाजारातल्या ई-रिक्षांच्या गर्दीत निनाद मान खाली घालून उभा होता. समोर भंवरलाल, बापाच्या वयाचा रिक्षावाला. गेल्या महिन्यात इथेच त्याची रिक्षा निनादच्या गाडीला जराशी घासली होती, आणि निनादने खाली उतरून त्याच्या कानाखाली फाडकन वाजवली होती. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला. तेव्हापासून घराची पार रया गेली.

लोकांनी निनादचं नाव शोधलं, कॉलेज शोधलं, मालवीय नगरचा पत्ताही शोधला. त्याच्या आईचा, जयंतीचा, नंबर कुठून मिळाला देव जाणे. परके पुरुष वेळी-अवेळी तिला शिव्या हासडू लागले. ठरलेली नोकरी कंपनीने 'तूर्त' थांबवली. निनादने हात जोडून माफी मागितली, तर लोक त्या माफीवरच हसले. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी गोड शब्दांत निरोप धाडला, यंदा आरतीला नाही आलात तरी चालेल हो. पोरगं जेवेना, बोलेना, दिवसभर दार लावून बसे. एक दिवस जयंतीने त्या दाराची कडीच काढून टाकली.

बापूंना हे बघवेना. "शिक्षेला काही शेवट असतो की नाही?" ते मुलाला म्हणायचे. "आमच्याकडं पारावर पंच बसायचे. ज्यानं मार खाल्ला त्यानं चार माणसांदेखत उलट एक ठेवून द्यायची. मग दोघांनी एका ढेपेतला गूळ खायचा. फिट्टंफाट! दुसऱ्या दिवशी जो विषय काढेल, त्यालाच दंड." त्या पारावर दोन्ही बाजूंना एकाच पायरीची माणसं असत आणि गावकुसाबाहेरच्याला तिथे हात उचलायची सोयच नव्हती, हे बापू कधी सांगत नसत. आठवत नसेल. किंवा आठवत असेलही.

निनादच्या बापाने, पृथ्वीराजने, हा वेडेपणा हसण्यावारी नेला. पण निनाद खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, "चला बापू. त्याच्या हातचा मार खाऊ दे मला. मतलब, काहीही करा, पण हे संपवा."

भंवरलाल तयारच होईना. "टाबर है, बाबूजी. मैं तो कद को भूल गयो," तो म्हणाला. पोर आहे, मी केव्हाच विसरलो.

"लेकिन ये नहीं भूला," बापूंनी हात जोडले. "इसका बोझ उतार दो. तुम्हारा उपकार होगा."

शेवटी म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवेना म्हणून त्याने पहिल्यांदा निनादच्या गालाला नुसता हात लावला. बापूंना ते पटेना. "ऐसे नहीं," ते म्हणाले, "जैसे इसने मारा था, वैसे." भंवरलालने डोळे मिटले आणि मारली. आवाज असा आला की पानवालाही वळून बघू लागला. मग बापूंनी कागदातून गूळ काढला. दोघांनी खाल्ला. भंवरलालने निनादच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघेही रडले. त्या दिवशी निनाद घरी येऊन पोटभर वरणभात जेवला. जयंती वाढता वाढता सासऱ्यांच्या पाया पडली.

पण हल्ली चार माणसांदेखत केलेली गोष्ट चार माणसांत राहते थोडीच! सकाळी नवा व्हिडिओ आला. त्यात बापूंचे जोडलेले हात नव्हते, गूळ नव्हता. नुसती ती दुसरी थप्पड होती. खाली लिहिलं होतं, 'माफी मागायला आलेल्या मुलाला रिक्षावाल्याने झोडपलं.'

वारं फिरलं. काल जे शिव्या देत होते ते 'बिचारा निनाद' म्हणू लागले. मंडळातल्या बायका मोदक घेऊन हजर झाल्या. कंपनीचा फोन आला, कधी रुजू होताय? आणि दुपारी पोरांच्या एका टोळक्याने चांदपोलला भंवरलालची रिक्षा उलटवली, त्याच्या तोंडाला काळं फासलं आणि बाजारातून त्याची धिंड काढली. त्याचाही व्हिडिओ झाला. मग पोलिसांनी उचललं ते भंवरलालला.

संध्याकाळी फौजदार घरी आला. अदबीने बसला, पाणी प्यायला. "बाबूजी, बस एक सवाल. आप मौके पर थे. उस आदमी ने बच्चे पर हाथ उठाया था?"

बापू सावरून बसले. खरं काय ते पहिल्यापासून सांगायचं, मीच मारायला लावलं म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बापू," पृथ्वीराज मराठीत हळूच म्हणाला, "विचारलंय तेवढंच सांगा. नाहीतर घरच्यांनीच नाटक रचलं म्हणतील. पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल सगळं. ह्या वेळी पोरगं नाही वाचायचं."

दारात निनाद उभा होता. कितीतरी दिवसांनी त्याने दाढी केली होती. त्याने बापूंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जयंतीने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. फौजदाराने पेन उघडून धरलं होतं.

"हां साहब, मारा," बापू म्हणाले. "एक नहीं, दो बार मारा."