समुद्रापलीकडचा राजा

श्रुतिकाने सतरंजीवर वाट्या मांडल्या. तेरा हव्या होत्या, अकराच निघाल्या. उरलेल्या दोन जागी तिने बरण्यांची झाकणं ठेवली आणि कडेने निळा टॉवेल पसरला.

"हा समुद्र," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही पलीकडे बसा. तिथे इंग्लंड."

"मी विद्यार्थी ना?" दत्ताराम म्हणाला. "मग मला इंग्लंडात कशाला पाठवतेस?"

"माणसं कमी आहेत घरात. राजा तुम्हीच आणि नववी ब पण तुम्हीच."

दत्ताराम टॉवेलच्या पलीकडे जाऊन बसला. हसला नाही. सून उद्या एका शाळेत नमुना पाठ द्यायला जाणार होती. विषय, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. शाळा कुठली, हे त्याने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ती "आहे एक, जरा लांब आहे," एवढंच म्हणाली. मुलुंड लांब, की ठाणे लांब, की त्याच्याही पुढे? आणि आज सकाळी शिरा केला होता. कोणाचा वाढदिवस नव्हता.

गेल्या रविवारी वनमालाचं वर्षश्राद्ध झालं. बायको जाऊन वर्ष सरेपर्यंत घरात काही नवं करायचं नसतं, नवं घर तर नाहीच. ते सगळ्यांनी पाळलं. वर्ष सरलं आणि सोमवारीच मुलाने, सुबोधने, त्याला फोनवरून गॅसचा नंबर लावायला शिकवलं. मग घरात छोटा कुकर आला, एका माणसाचा भात होईल एवढा. काल तर खालच्या मजल्यावरची डबे करणारी बाई उगाच वर आली आणि तिखट किती चालतं ते विचारून गेली.

"या तेरा वसाहती," श्रुतिकाने सुरुवात केली. आवाज एकदम वर्गातला झाला. "इथली माणसं मूळची इंग्लंडचीच. राजा एकच. पण राजाने त्यांना न विचारता कर बसवले. लोक म्हणाले, तुमच्या संसदेत आमचा माणूस नाही, तर कर कशाचा?"

"आधी राजाशी बोलले का? की बाहेरच्या बाहेर ठरवलं?"

"बोलले ना. अर्ज केले, विनंत्या केल्या. शेवटचा अर्ज तर राजाने हातातसुद्धा घेतला नाही."

दिवाळीत सुबोध म्हणाला होता, बाबा, दोन खोल्यांत आता भागत नाही. तेव्हा दत्तारामने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

"त्याआधी एका रात्री लोकांनी कर लावलेल्या चहाच्या पेट्या जहाजावरून बंदरात ओतल्या होत्या."

"सगळा चहा?"

"सगळा."

"माजलेत."

श्रुतिकाला हसू आलं. तिने ते आवरलं. "राजाने फौज पाठवली. समोर शेतकरी, लोहार, दुकानदार. त्यांनी जाहीर केलं, आजपासून आम्ही स्वतंत्र. म्हणणं सोपं होतं. पुढे कितीतरी वर्षं लढावं लागलं. थंडीत पायात बूट नव्हते. शेवटी फ्रान्स मदतीला आला, म्हणून जिंकले."

"फ्रान्स कोण?"

"राजाचा जुना वैरी."

दत्तारामला तिचा भाऊ मुकुल आठवला. हल्ली फार यायचा. आला की सुबोधला घेऊन गॅलरीत जायचा आणि मागे दार ओढून घ्यायचा.

श्रुतिकाने वाट्या टॉवेलपासून लांब ओढल्या आणि जवळ जवळ लावल्या. "मग तेरा जणी एकत्र बसल्या. भांडल्या, पण बसल्या. स्वतःची घटना लिहिली. नवा देश झाला."

"एका घरात राहून नसतं जमलं?"

"घर नाही बाबा. साम्राज्य."

"तेच ते."

पाठ संपला होता. एक झाकण उचलून ती हातात फिरवत राहिली.

"आणि राजा?" दत्तारामने विचारलं. "त्याचं काय झालं?"

"काही नाही. होता तिथेच राहिला."

"बरोबर. त्याचं कोण सांगणार."

"पुढे एक झालं," श्रुतिका हळू म्हणाली. आता आवाज वर्गातला नव्हता. "नव्या देशाने आपला माणूस राजाकडे पाठवला. पहिलाच. तो घाबरत घाबरत गेला. राजा त्याला म्हणाला, वेगळं व्हायला सगळ्यात शेवटी तयार झालो तो मी. पण आता झालात ना, तर तुमच्याशी मैत्री करणारा पहिलाही मीच."

दत्तारामने तिच्याकडे पाहिलं. ती टॉवेलकडे बघत होती.

"हे उद्या शाळेत सांगणार?"

"नाही. पुस्तकात नाहीये ते."

"मगे माका कित्याक सांगलंस?"

वनमाला गेल्यापासून त्याच्या तोंडून मालवणी आली नव्हती. श्रुतिकाने मान वर केली. डोळे भरले होते. "बाबा, तुम्हीसुद्धा चला. सुबोध म्हणत होता, तुमच्यासाठी खिडकीजवळ..."

त्याने हात वर करून तिला थांबवलं. मधला टॉवेल त्याने हाताने सरळ केला.

"पाणी रोज येतं का तिकडे?"

"एक दिवसाआड," ती म्हणाली.

"मग मोरीतलं मोठं पिंप तुम्ही न्या," दत्ताराम म्हणाला. "मला एकट्याला कितीसं लागणार."